लेन्स कुठली घ्यावी, आणि बिघडली तर?

मागच्या रविवारी भाचीचा फोन आला. ती नाशिकला असते, गेल्या दिवाळीपासून तिला फोटोंचं वेड लागलंय. (आमच्या घराण्यात हे वेड एका पिढीत एकालाच लागतं, आणि आता माझा उत्तराधिकारी सापडला म्हणून मी खुशीत आहे.)

"मावशी, एक लेन्स घ्यायचीय. कुठली घेऊ?"

मी म्हटलं, "घे कुठलीही. पण बिघडली तर दुरुस्त कोण करणार, ते आधी विचार."

ती खो-खो हसली. "अगं, अजून घेतलीसुद्धा नाही! हे म्हणजे साखरपुड्याला वकील नेण्यासारखं झालं!"

फोनवर पुढचं काही धड सांगता आलं नाही, कारण तिचा कुकर झाला होता. म्हणून इथे लिहिते. तिच्यासाठी लिहिते आहे, पण तुम्हा मंडळींपैकी ज्यांच्या कपाटात एखादी लेन्स पडून आहे त्यांनीही वाचा.

आधी तिचा प्रश्न. तिच्याकडे निकॉनचा डी ५६०० आहे, कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला. घरातल्या फोटोंसाठी पन्नास मिलिमीटरची एफ १.८ हवी, असं तिला कुणीतरी सांगितलं. सल्ला बरोबर आहे. पण दुकानात निकॉनच्या अशा दोन पन्नास मिळतात, आणि त्यातली जुनी, नावापुढे 'डी' असलेली, स्वस्त पडते. ती तिच्या कॅमेऱ्यावर बसेल, फोटोही येईल, पण फोकस हातानं फिरवावा लागेल. त्या जुन्या लेन्सला स्वतःची मोटर नाही, कॅमेऱ्याच्या पोटातली मोटर तिला फिरवते. आणि निकॉननं २००६ च्या डी ४० पासून आपल्या लहान कॅमेऱ्यांतून ती मोटर काढून टाकली. तेव्हा घ्यायचीच तर २०११ ची 'जी' घे. कॅननवाल्यांची भानगड वेगळी. त्यांची १९९० ची पन्नास तर माउंटसकट प्लॅस्टिकची, वजन जेमतेम १३० ग्रॅम. माझ्या एका विद्यार्थ्यानं ती मला चार दिवस वापरायला दिली होती. हातात घेतली तर खेळणं वाटावं, पण फोटो असे की मी गप्प बसले. २०१५ मध्ये त्यांनी ती सुधारली आणि धातूचं माउंट बसवलं.

आता खरं सांगू का? या दोन कंपन्यांच्या पन्नासमध्ये डावं-उजवं करणं म्हणजे दोन चांगल्या हापूसच्या पेट्यांत डावं-उजवं करण्यासारखं आहे. लोक फोटो शंभर टक्के मोठा करून कोपऱ्यातलं पान जास्त स्पष्ट कुणाचं, यावर रात्र-रात्र वाद घालतात. मीही घातलेत. घरी भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून, कॅमेरा तिपाईवर लावून, चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं तपासलीत. आमचे हे म्हणायचे, "शाळेत पेपर तपासून हौस फिटली नाही वाटतं." असो. ही तपासणी एका कामासाठी मात्र फार उपयोगी आहे, ते पुढे येईलच.

माझ्यासारखीला लेन्समध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय, तर कंपन रोखणारी यंत्रणा. निकॉन तिला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, टॅमरॉन व्हीसी. नावं वेगळी, काम एकच. लेन्सच्या आत छोटे संवेदक असतात, हात हलला की त्यांना कळतं, आणि आतली काचांची एक जोडी विद्युतचुंबकानं उलट्या दिशेला सरकते. कॅननची अशी पहिली झूम १९९५ मध्ये आली, निकॉनची २००० मध्ये. मी आता पंच्याहत्तरीला टेकले आहे आणि गेली सहा-सात वर्षं माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, काळजी नको. काळजी मला चहाच्या कपाची नाही हो, ३०० मिलिमीटरच्या लेन्सची आहे! जुना नियम असा की जितके मिलिमीटर, निदान तितका शटरचा वेग, म्हणजे ३०० ला एक सेकंदाचा तीनशेवा भाग. माझ्या हाताला हजारावा लागतो. तेवढा उजेड पावसाळ्यात कुठून आणायचा? कंपन रोखणारी यंत्रणा चार पायऱ्यांची सूट देते असं कंपन्या सांगतात. म्हणजे अडीचशेव्या भागाला जे जमायचं ते पंधराव्या भागाला जमावं. मला चार मिळत नाहीत, दोन मिळतात. पण त्या दोन पायऱ्यांवर माझा सगळा छंद उभा आहे. त्या गेल्या, तर मी फक्त फुलदाणीचे फोटो काढायचे.

(म्हणून भाचीबाई, ७०-३०० घेताना नीट बघ. निकॉनची २०१६ मध्ये आलेली एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारांत निघाली, एक व्हीआरसकट आणि एक बिनव्हीआरची. दिसायला जुळ्या बहिणी. दुकानदार 'तीच आहे' म्हणेल. खोक्यावर ती दोन अक्षरं बोट ठेवून वाच.)

आता मूळ गोष्ट.

आम्ही विश्रांतवाडीचे, त्यामुळे माउलींची पालखी आमच्या दारावरून जाते म्हटलं तरी चालेल. आळंदीहून दिघी, कळस, विश्रांतवाडी, मग फुलेनगर, संगमवाडी करत पुण्यात. २०२५ साली ती २० जूनला आली. मी दरवर्षीप्रमाणे सकाळपासून आळंदी रस्त्याच्या कडेला माझी जागा धरून होते. शेजारच्या चहावाल्यानं खुर्ची दिली होती. दिंडीतली एक आजी, माझ्याच वयाची असेल, डोक्यावर तुळशीवृंदावन, आणि ते एका हातानं धरून दुसऱ्या हातानं ती सुनेला काहीतरी रागावून सांगत होती. मी लेन्स ३०० ला नेली, बटण अर्धं दाबलं, आणि आतून 'कर्रर्र' असा आवाज आला. समोरचं चित्र थालीत सांडलेल्या पाण्यासारखं डचमळायला लागलं. आजी पुढे निघून गेली. त्या दिवशी मी बाकीचा वेळ नुसती बघत बसले, आणि खोटं कशाला सांगू, फारसं बघितलंही नाही.

ती लेन्स २०१४ ची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या एका कंपनीकडे माझ्या एका विद्यार्थ्यालाही जवळपास असाच अनुभव आला, आणि तिसऱ्या कुणाचं काम आठ दिवसांत चकाचक होऊन आलं. मला एकावर राग काढायचा नाही. कंपनीच्या काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. त्यानं लेन्स घेतली, पावती दिली, म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या गावी पाठवावी लागेल, दहा दिवस." तेवीस दिवसांनी निरोप आला: खर्च १३,४०० रुपये. मी पेन्शनर बाई, दोन रात्री विचार केला आणि हो म्हटलं. त्यानंतर आठवड्यानं दुसरा निरोप. सुटा भाग उपलब्ध नाही, दुरुस्ती होणार नाही, नवीन लेन्स घेतल्यास सवलत देऊ. तपासणीचे साडेआठशे रुपये मात्र गेले. लेन्स परत आली ती मागच्या झाकणाशिवाय. झाकण कुठे गेलं ते कुणालाच माहीत नाही.

सोबतच्या कागदावर इंग्रजीत शेरा होता: 'बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर'. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे वाक्य दिसलं की त्याचा कर्ता शोधायची सवय आहे. 'दुरुस्त करणं परवडत नाही.' बरं. पण कुणाला? मला परवडत होतं, मी हो म्हटलं होतं. परवडत नव्हतं ते अकरा वर्षांपूर्वीच्या लेन्सचे सुटे भाग गोदामात ठेवणं, आणि ते परवडत नव्हतं कंपनीला. कर्ता गाळला की निर्णय कुणाचा आहे हेच दिसेनासं होतं. निबंधात असं वाक्य आलं असतं तर मी लाल पेननं 'कोणास?' असं लिहून वही परत केली असती.

एक महिना लेन्स कपाटात पडून होती. मग मला बुधवार पेठेतला तो जिना आठवला.

तिथे जायच्या आधी थोडं मागे जाते. माझ्या हातात पहिला कॅमेरा आला तो वडिलांचा आग्फा क्लिक थ्री, बडोद्याला बनलेला. १२० चा रोळ, बारा चौकोनी फोटो, आणि बिघडण्यासारखं आत काही नव्हतंच. सूर्य पाठीशी घ्यायचा आणि खटका दाबायचा. पुढे १९८४ मध्ये माझ्या दिरांनी मस्कतहून पेंटॅक्स के १००० आणला. सगळा यांत्रिक. सेल लागतो तो फक्त उजेड मोजण्याच्या काट्याला, सेल नसला तरी फोटो निघतो. १९९१ मध्ये त्याचा पडदा अडकायला लागला तेव्हा मी तो या जिन्याखालच्या दुरुस्तीवाल्यांकडे नेला होता. एक स्टूल, एक दिवा, डोळ्याला भिंग, आणि चहाच्या बशीत क्रमानं मांडलेले स्क्रू. १२० रुपये घेतले. तो पडदा आजही चालतो. त्याच्या लेन्सवर एकदा पावसाळ्यात बुरशी आली, कोळ्याच्या जाळ्यासारखी, तीही त्यांनीच पुसून दिली. "बाई, लवकर आणलीत. ही काचेवरचा थर खाते, उशीर झाला असता तर डाग राहिला असता," असं म्हणाले होते. तेव्हापासून माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून असतात, चामड्याच्या पिशवीत नाहीत. कॅमेरा भिजला की तांदळात ठेवा म्हणणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. तांदळाची पूड आत गेली तर काय करणार, खीर?

तर आता तिथे त्यांचा मुलगा बसतो. तोही पन्नाशीचा असेल. त्यानं लेन्स कानाशी धरून हलवली, मागचे स्क्रू काढले, आणि मला बोलावून दाखवलं. कागदाच्या पट्टीसारखी एक पातळ केबल, तिच्यावर तांबड्या रेषा, आणि घडीवर बारीकशी चीर. लेन्स आत-बाहेर केली की ही केबल दर वेळी दुमडते. अकरा वर्षांत ती हजारो वेळा दुमडली असणार. काचा धड, मोटर धड, चुंबक धड. गेली होती ती एवढीशी पट्टी.

"मग बदला की."

"मिळायला हवी ना बाई. कंपनी आम्हाला भाग विकत नाही. याच मॉडेलची एखादी मेलेली लेन्स मिळाली तर तिची काढून घालतो."

दीड महिन्यानं त्याला मुंबईत कुणाकडे तरी अशी मेलेली लेन्स मिळाली, पुढची काच फुटलेली. २,६०० रुपयांत माझी लेन्स उभी राहिली. त्यानं स्वच्छ सांगितलं की गॅरंटी देता येणार नाही, कारण घातलेली पट्टीही जुनीच आहे. घरी येऊन मी भिंतीवर पुन्हा वर्तमानपत्र चिकटवलं. वर म्हटलं ती तपासणी इथे कामाला आली. लेन्स उघडून जोडताना काच केसभर तिरकी बसली तर एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट येते, आणि हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. माझ्या लेन्सचा उजवा खालचा कोपरा पूर्वीपेक्षा जरासा मऊ आला. ३०० ला फोकसही थोडा अडखळतो. पण चित्र स्थिर आहे.

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. त्या पुसट कोपऱ्याचंच बघा, कंपनीकडे काचा जुळवायची यंत्रं असतात, जिन्याखाली ती नाहीत. आजच्या लेन्समध्ये काचेपेक्षा वायरी जास्त, पुष्कळ भाग डिंकानं चिकटवलेले, आणि कुणी उघडून बिघडवलेली लेन्स पुन्हा कंपनीच्याच दारात येते. प्रत्येक मॉडेलचा प्रत्येक स्क्रू पन्नास वर्षं सांभाळा असं मीही म्हणणार नाही. पण यातून 'आम्ही करणार नाही आणि दुसऱ्यालाही करू देणार नाही' हे कसं निघतं? दोन्हीपैकी एक काहीतरी करा ना. अमेरिकेत निकॉननं २०१२ मध्ये स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग विकणं थांबवलं, आणि मार्च २०२० नंतर तिथली अधिकृत बाहेरची दुरुस्ती केंद्रंही बंद केली. तिथेही गल्लीबोळांत आयुष्य घालवलेले कारागीर होते.

उलट उदाहरणंही आहेत. सिग्मानं २०१३ मध्ये एक सोय काढली. तुम्ही कॅमेऱ्याची कंपनी बदललीत तर त्यांच्या नव्या मालिकेतल्या लेन्सचं माउंट पैसे घेऊन बदलून देतात. म्हणजे कॅननची लेन्स निकॉनची होऊन येते. लेन्स गिऱ्हाइकाची आहे आणि ती पुढे वापरली जाणार आहे, हे त्यांनी मान्य केलं. कॅनन जपानमध्ये कुठल्या वस्तूची दुरुस्ती कधी बंद होणार याची तारीख जाहीर करतं. तारीख अप्रिय असली तरी कळते, तिथेच अर्धी भांडणं मिटतात.

आपल्याकडे ही चळवळ खरं म्हणजे पुण्याचीच. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये इथे ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि २०२२ च्या त्याच तारखेला केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं असे त्याचे चार विभाग. कॅमेऱ्याची लेन्स बिचारी यांत कुठे बसते? फ्रान्सनं २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्हीवर दहापैकी गुण छापायला लावले, वस्तू किती सोपेपणानं दुरुस्त होते त्याचे. कॅमेरे त्यातही नव्हते. मला वाटतं लेन्सच्या खोक्यावर एवढंच छापावं: उत्पादन थांबल्यावर सुटे भाग किती वर्षं मिळतील, आणि ते बाहेरच्या कारागिराला विकणार की नाही. मग मी कोपऱ्यातली अक्षरं मोजणार नाही, तोच आकडा वाचून लेन्स घेईन.

कुणी म्हणेल, कॅमेऱ्याच्या आतच कंपन रोखणारी यंत्रणा घ्या, म्हणजे लेन्समध्ये बिघडायला काही नको. मुद्दा खरा आहे. पेंटॅक्सच्या २००६ च्या के १०डी मध्ये ती होती, आणि माझ्या १९८४ च्या के १००० ची लेन्स त्याच्यावर बसते, म्हणजे चाळीस वर्षांची लेन्ससुद्धा स्थिर होते. मला फार मोह झाला होता. पण ज्या बनावटीचे आपल्या ओळखीत चार लोक नाहीत, तिची मेलेली लेन्स कुणाकडे शोधायची? शिवाय निकॉन आणि कॅनन दोघंही २०१८ पासून नव्या माउंटकडे, मिररलेसकडे वळले आहेत. जुन्या माउंटच्या सुट्या भागांचा झरा हळूहळू आटणारच. भाचीचा कॅमेराही त्या जुन्यातलाच.

म्हणून तिला माझं सांगणं असं. पन्नास घे, 'जी' घे. बिल पक्कं आणि भारतातल्या वॉरंटीचं घे, चार हजार वाचवायला 'ग्रे'चा माल घेऊ नकोस, त्याला इथलं काउंटर हात लावत नाही. ७०-३०० आत्ता घेऊ नकोस. आधी नाशिकमध्ये असा एखादा जिना शोध, आणि सापडला की पत्ता मलाही कळव. आणि तीर्थरूपांना सांग, फोनमध्ये सगळं येतं हे त्यांचं मत मला मान्य आहे, फक्त रस्त्यापलीकडची आजी त्यात येत नाही.

येत्या पालखीला मी त्याच जागी असेन, चहावाल्याला खुर्चीचं आत्ताच सांगून ठेवलंय. लेन्सला मागचं झाकण अजून नाही. कंपनीकडे दोनदा विचारलं, ते शोधताहेत. तोवर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड.